आधी भाव शिकवा, मग काम

(महिला दिनाच्या निमित्ताने लासलगाव येथे भरलेल्या मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

इथं बसलेल्यांपैकी बऱ्याच जणी मला माझ्या नावानं नाही, आईच्या नावानं ओळखतात. ते मला आवडतं. माझी आई इथल्या एका खळ्यावर बावीस वर्षं कांदा निवडत होती. मार्केटात लिलाव झाला, ट्रॅक्टर खळ्यावर येऊन रिकामा झाला, की बायांची रांग ढिगापुढं बसायची. मोठा कांदा एकीकडे, गोल्टी एकीकडे, जोड निराळा. मोड आलेला, काजळी धरलेला, सडका बाजूला. कांदा वरून चांगला दिसला तरी आतून गेलाय की नाही, हे आईला नुसतं बोटानं दाबून कळायचं. एवढं कळायला दोन-तीन हंगाम जातात. पण त्याला कुणी शिक्षण म्हणत नाही. 'बायांचं काम' म्हणतात.

आज मला विषय दिलाय, संगणकाच्या नोकरीतल्या बायांचे प्रश्न. विषय वाचल्यावर मागच्या रांगेत दोघी-तिघी एकमेकींकडं बघून हसल्या, ते मी पाहिलं. बरोबर आहे. एसीत बसून काम करणाऱ्यांचं दुखणं खळ्यावरच्या बाईनं कशाला ऐकायचं? म्हणून मी प्रश्नांची यादी वाचणार नाही. एकच गोष्ट तीनदा घडली, ती सांगते. पहिल्यांदा इथं घडली, दुसऱ्यांदा अमेरिकेत आणि तिसऱ्यांदा पुण्यात.

पहिली गोष्ट १९८९ सालची. मी तेरा वर्षांची होते. सुट्टीत आईबरोबर खळ्यावर बसायचे. एक दिवस मुकादम चार नव्या पोरी घेऊन आला. बाहेरगावच्या होत्या, कामाला नवख्या. आईला म्हणाला, "आक्का, तुमच्यासारखा हात कुणाचा नाही. यांचा हात बसवून द्या." आईला बरं वाटलं. कुणी कधी कौतुक करत नव्हतं, मुकादमानं केलं. तिनं आठ-दहा दिवस त्या पोरींना शेजारी बसवून शिकवलं. त्या दिवसांचे जादा पैसे मिळाले नाहीत. उलट शिकवण्यात वेळ गेल्यामुळं तिच्या स्वतःच्या गोण्या कमी भरल्या.

महिन्यानं मुकादमानं गोणीमागचा दर पाडला. जुन्या बाया बोलायला लागल्या तर म्हणाला, "या पोरी करतायत की एवढ्यात. परवडत असेल तर बसा." सगळ्या जणी आईवर चिडल्या. तूच शिकवलंस, तूच आमच्या पोटावर पाय आणलास. आईनं उलट उत्तर दिलं नाही. दुपारी भाकरी खायच्या वेळेला ती त्या चार पोरींजवळ जाऊन बसली आणि विचारलं, "तुम्हाला किती कबूल केलंय?" पोरींनी सांगितलं. मग आईनं त्यांना सांगितलं, गेल्या महिन्यापर्यंत आम्हाला किती मिळत होते. त्या पोरींना ते माहीतच नव्हतं. आपल्यामुळं कुणाचा दर पडला, हेही माहीत नव्हतं.

पुढं काय झालं? सिनेमात होतं तसं झालं नाही. दोन दिवस सगळ्यांनी मिळून काम धरलं नाही. माल पडून राहिला, तेव्हा दर निम्म्यानं वर आला. पूर्वीइतका आला नाही. चारातल्या दोन पोरींना पुन्हा बोलावलं नाही. पण त्या रात्री आई चुलीपुढं बसून जे बोलली, ते मला पुढं फार उपयोगी पडलं. ती म्हणाली, "माझं शिकवणं चुकलं नाही. माझं क्रम चुकला. मी आधी कांदा शिकवला आन् भाव मागून सांगितला. आधी भाव शिकवायचा व्हता."

बायांनो, मी त्यानंतर शिकले. नाशिकला, मग पुण्याला. शिष्यवृत्तीवर शिकले, आईच्या गोण्यांवर शिकले. संगणकाच्या कंपनीत लागले. आणि २००४ साली कंपनीनं मला सहा महिन्यांसाठी अमेरिकेला पाठवलं. पेढे वाटले आईनं. मला का पाठवलं, तर माझं लग्न झालेलं नव्हतं. माझ्याबरोबरच्या, माझ्याइतक्याच हुशार, पण पदरात मूल असलेल्या दोघींना कुणी विचारलंही नाही.

मला सांगितलं होतं की काम 'समजून घ्यायला' जायचंय. त्याला आमच्याकडं केटी म्हणतात, नॉलेज ट्रान्सफर. म्हणजे एकाच्या डोक्यातलं दुसऱ्याच्या डोक्यात घालायचं. ते विम्याचं ऑफिस होतं. मला ज्या बाईशेजारी बसवलं, ती तिथं सव्वीस वर्षं नोकरी करत होती. नवरा नव्हता. एक मुलगा कॉलेजात होता. तिच्या खणात बुटांच्या खोक्यात ठेवलेली हातानं लिहिलेली कार्डं होती. कोणत्या जुन्या पॉलिसीला कोणता नियम लागत नाही, कोणत्या ठिकाणी आकडा अडकतो आणि तो कसा सोडवायचा. कंपनीच्या एकाही पुस्तकात ते नव्हतं. ते तिच्या बोटात होतं, आईच्या बोटात कांदा होता तसं.

चौथ्या-पाचव्या दिवशी मला कळलं की काम पुण्याला जाणार आणि ही बाई घरी जाणार. तिला ते आधीच माहीत होतं. मला नीट शिकवलं तरच तिला जाताना मिळणारी रक्कम मिळणार होती. मध्येच सोडलं तर तीही नाही. रोज ती मला एकेक गोष्ट दाखवायची आणि विचारायची, समजलं? मी 'हो' म्हटलं की यादीत एक खूण व्हायची. सगळ्या खुणा झाल्या की तिची नोकरी संपणार. माझ्या प्रत्येक 'हो'नं तिचा एक दिवस कमी होत होता, आणि दोघींना ते कळत होतं.

एक दिवस डबा खाताना तिनं मला सरळ विचारलं, "तुला याचे किती मिळतात?" निघताना पुण्यात बजावून सांगितलं होतं, पगाराबद्दल बोलायचं नाही. मी हसले आणि म्हटलं, नियम आहे, सांगता येत नाही. तिनं मान हलवली आणि पुढचं कार्ड काढलं.

ते हसणं मला आजही टोचतं. तेरा वर्षांची असताना जे आईकडून ऐकलं होतं, ते मी अठ्ठावीस वर्षांची असताना विसरले होते. मी सांगितलं असतं तर तिची नोकरी वाचली असती का? नसती. पण तिचा पगार आणि माझा पगार यांच्यात किती अंतर आहे ते दोघींना कळलं असतं. ते अंतर तिच्या घरी जात नव्हतं आणि माझ्याही घरी येत नव्हतं. मग कुठं जात होतं? हा प्रश्न आम्ही दोघींनी मिळून विचारायला हवा होता. त्याऐवजी तिच्या गावात लोक म्हणत होते, हिंदुस्थानी येऊन आमच्या नोकऱ्या नेतात. आणि आमच्या गावात लोक म्हणत होते, पोरीनं नाव काढलं.

हे माझ्या एकटीच्या बाबतीत घडलं असं समजू नका. पुढं मोठमोठ्या ठिकाणी हे उघडपणे घडलं. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये फ्लोरिडातल्या ऑरलँडोला डिस्ने कंपनीनं आपल्या संगणक विभागातल्या सुमारे अडीचशे लोकांना कळवलं की तुमची नोकरी संपते आहे. त्यातल्या अनेकांना जाण्यापूर्वी आपल्या जागी येणाऱ्यांना शिकवावं लागलं. येणारे बहुतेक भारतातले होते. २०१५ च्या जूनमध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं ती बातमी छापली आणि २०१६ च्या फेब्रुवारीत त्यांच्यातल्या एकानं अमेरिकेच्या सिनेटपुढं साक्ष दिली. काही जण कोर्टात गेले, पण त्यांचे दावे टिकले नाहीत. २०१७ च्या फेब्रुवारीत सॅन फ्रान्सिस्कोला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वैद्यकीय संस्थेतल्या संगणक कर्मचाऱ्यांवर हीच पाळी आली. ती तर सरकारी संस्था.

तुम्ही म्हणाल, कायदा नाही का? आहे, आणि त्याला खिडकीही आहे. एच-वन-बी नावाचा व्हिसा असतो, त्यावर बाहेरची माणसं तिथं काम करतात. ज्या कंपन्यांचा कारभार बराचसा अशा माणसांवर चालतो, त्यांनी तिथल्या कामगाराला काढून त्याच्या जागी बाहेरचा बसवू नये, असा नियम १९९८ साली केला. पण त्यातच सूट ठेवली. बाहेरच्या माणसाला वर्षाला साठ हजार डॉलर किंवा जास्त पगार दिला, की तो नियम लागत नाही. १९९८ साली साठ हजार ही मोठी रक्कम होती. पुढं सगळ्यांचे पगार वाढले, महागाई वाढली, साठ हजार मात्र साठ हजारच राहिले. खिडकी आपोआप दारासारखी मोठी झाली. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी नव्या व्हिसाच्या अर्जावर एक लाख डॉलर फी लावली. आपल्याकडं हाहाकार झाला. पण भिंत उंच केली म्हणून काम थांबत नाही. माणूस विमानानं जातो, काम तारेवरून जातं.

आणि या सगळ्यात बाई कुठं होती? नवऱ्याबरोबर गेलेल्या आपल्या शिकलेल्या मुलींना एच-फोर नावाच्या व्हिसावर तिथं नोकरी करायला मनाईच होती. २०१५ च्या मेपासून त्यातल्या काही जणींना परवानगी मिळाली. तीही नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं काम पुढं सरकलेलं असेल तरच. इंजिनियर झालेली मुलगी वर्षानुवर्षं परदेशात पोळ्या लाटत बसली आणि आपण इकडं म्हणत राहिलो, पोरगी अमेरिकेत आहे.

आता तिसरी गोष्ट. २०१७ साल. मी पुण्यात होते, बावीस जणांची टीम सांभाळत होते. त्यात चौदा बाया. एक दिवस वरून निरोप आला की आमचं काम फिलिपीन्समध्ये मनिलाला जाणार. तीन महिन्यांत तिथल्या मुलींना शिकवायचं. शिकवणं पूर्ण झाल्याशिवाय नोकरी सोडल्याचं पत्र मिळणार नाही. पुण्याचं काम स्वस्त म्हणून अमेरिकेतून आलं होतं. आता दुसरीकडचं काम आणखी स्वस्त ठरलं.

पहिला आठवडा आम्ही नुसत्या रडलो आणि मनिलाच्या मुलींना नावं ठेवली. मग मला चुलीपुढं बसलेली आई आठवली. पडद्यावर पलीकडं एक मुलगी असायची, पंचविशीतली. दुसऱ्या आठवड्यात मी काम सुरू करायच्या आधी तिला सांगितलं, मला किती मिळतात, किती तास काम असतं, रात्रपाळीला घरी सोडायला गाडी असते की नाही. ती घाबरली. पण दोन दिवसांनी तिनंही सांगितलं. तिला रात्रपाळीच होती, कारण अमेरिकेचा दिवस म्हणजे त्यांची रात्र. मग तिनं मला विचारलं, "आमच्यानंतर हे काम कुठं जाईल?" मला उत्तर देता आलं नाही.

इकडं आम्ही चौदा जणी एका संध्याकाळी एकत्र बसलो. ओळखीच्या एका वकीलताईंना बोलावलं. चार मागण्या लिहून काढल्या. एक, शिकवणं हे जादा काम आहे, त्याचे निराळे पैसे द्या. दोन, जाताना प्रत्येकीला नोकरीच्या वर्षांप्रमाणे भरपाई द्या. तीन, आमच्यातली एक जण बाळंतपणाच्या रजेवर होती, तिलाही पत्र पाठवलं होतं, ते मागं घ्या. चार, नोकरी सोडल्याचं पत्र अडवून ठेवू नका. सगळ्यांनी सह्या केल्या. पुरुष सहकाऱ्यांपैकी तिघांनी केल्या, बाकीचे म्हणाले, नाव खराब होईल.

काय मिळालं ते खरं सांगते. तिसरी आणि चौथी मागणी पूर्ण मान्य झाली. कारण बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या बाईला कामावरून काढणं प्रसूती लाभ कायद्यात बेकायदा होतं. तो कायदा १९६१ चा, आणि २०१७ च्या एप्रिलपासून ती रजा सव्वीस आठवड्यांची झाली. कायद्याचं कलम पत्रात लिहिलेलं पाहिल्यावर दुसऱ्या दिवशी फोन आला. भरपाई म्हणून दोन महिन्यांचा पगार मिळाला, मागितला होता त्याहून फार कमी. आणि शिकवण्याचे पैसे? एक रुपया नाही. आम्हाला सांगितलं, शिकवणं हा तुमच्या नोकरीचाच भाग आहे.

मैत्रिणींनो, या उत्तरापाशी थोडं थांबू या. शिकवण्याला किंमत नाही, हे आपण आयुष्यभर ऐकत आलो आहोत. सून आली, तिला घरची रीत शिकवा. नवी अंगणवाडी सेविका आली, जुनीनं तिला रजिस्टर शिकवावं. नवी बाई खळ्यावर आली, तिचा हात बसवून द्या. बाईनं शिकवायचं ते मायेपोटी, फुकट. मालकाला आपली ही सवय नीट माहीत असते. तो आधी आपलं कौतुक करतो आणि मग आपल्याच हातानं आपला दर पाडतो.

आता यंत्राचं. मुंबईच्या कापडगिरण्यांत १९२०च्या दशकात कामगारांपैकी साधारण पाचवा हिस्सा बाया होत्या, बहुतेक रीळ आणि वाइंडिंग खात्यात. पुढच्या काही दशकांत नवी यंत्रं आली, फेररचना झाली आणि बायांचा हिस्सा घसरत अगदी थोडा उरला. यंत्र आलं की बाईचं काम पुरुषाचं होतं. कांद्याची प्रतवारी करणारी यंत्रं तुम्हीही पाहिली आहेत. त्याच्या बटणाशी कोण उभा असतो, ते तुम्हीच सांगा.

संगणकाच्या नोकरीत आता शिकायला मनिलाची मुलगीही नाही. शिकणारं यंत्रच आहे. माझ्या धाकट्या मैत्रिणींना सांगतात, तुम्ही काम कसं करता ते पायरी-पायरीनं लिहून काढा. ग्राहकाशी बोलता ते सगळं ध्वनिमुद्रित होतं आणि त्यावरून यंत्राला बोलायला शिकवतात. २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएसनं आपल्या मनुष्यबळातले सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर लोक कमी करणार असं जाहीर केलं. यंत्रामुळं नाही, कौशल्यांचा मेळ बसत नाही म्हणून, असं कंपनीनं सांगितलं. कारण काहीही सांगोत, घरी जाणाऱ्याला ते सारखंच. आणि आईचा उपाय इथं चालत नाही. त्या चार पोरींना भाव सांगता आला, मनिलाच्या मुलीला सांगता आला. यंत्राला भाव सांगून उपयोग नाही. म्हणून तो आता आपण एकमेकींना सांगायला पाहिजे, आणि आधीच.

कायद्यात आपल्या हातात काय आहे, तेही सांगते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगाराला कपातीत काढायचं तर एक महिन्याची नोटीस आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षामागं पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. ही भरपाई तिच्यातही आहे. पण कारखान्यासारख्या ठिकाणी कपातीला सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर नेली आहे. दुसरी अडचण अशी की हे संरक्षण 'कामगारा'ला आहे, व्यवस्थापकाला नाही. म्हणून शिकलेल्या मुलींना मोठमोठी पदं देतात आणि काढताना म्हणतात, तुम्ही कामगार नाही. त्याला फसू नका. पदाचं नाव काय यावर नाही, प्रत्यक्ष काम काय करता यावर ते ठरतं, असं न्यायालयांनी वेळोवेळी सांगितलं आहे. मुलींनी आपण रोज काय काम करतो ते लिहून ठेवावं. एवढी एक वही कोर्टात फार बोलते.

आणि इथलं काय? मार्केटातल्या हमालांसाठी, मापाऱ्यांसाठी १९६९ चा माथाडी कायदा आहे. तो लढून मिळवलेला आहे. त्यांची नोंद होते, मजुरी मंडळामार्फत मिळते. ज्या कांद्याला ते पाठ लावतात, तोच कांदा निवडणाऱ्या बाईची नोंद किती खळ्यांवर आहे? डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, ती २०२४ च्या मे महिन्यात उघडली. शेतकऱ्याचं नुकसान झालं, ते पेपरात आलं, आलंच पाहिजे होतं. व्यापाऱ्याचंही आलं. पण खळ्यावर बसणाऱ्या बाईचे किती रोज बुडाले, ते कुणी मोजलं? नोंदच नाही तर मोजणार कसं?

म्हणून माझं म्हणणं अगदी थोडं आहे. शिकवायला नाही म्हणू नका. शिकायला येणारी पोरगी आपली वैरी नाही. तीही कुणाच्या तरी पोटासाठीच आलेली असते, मनिलाची असो की शेजारच्या तालुक्यातली. पण शिकवण्याआधी तीन गोष्टी करा. शिकवण्याचे रोज निराळे मागा, मिळाले नाहीत तरी मागा, म्हणजे त्याला किंमत आहे हे नोंदलं जाईल. शिकायला आलेलीला पहिल्या दिवशी आपला भाव सांगा आणि तिचा विचारा. आणि हे एकटीनं करू नका, रांगेनं करा. एकटीला मुकादम उठवून लावतो. सगळी रांग उठली तर माल पडून राहतो.

त्या अमेरिकेतल्या बाईचं नाव-गाव माझ्याजवळ राहिलं नाही. तिची कार्डं मात्र मी उतरवून घेतली होती, ती पुढं बरीच वर्षं आमच्या उपयोगी पडली. तिच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नव्हतं. आज इथं देते. २००४ साली मला महिन्याला बावीस हजार रुपये मिळत होते. त्या सहा महिन्यांत वर रोजचा जेवणाखाण्याचा भत्ता, एवढंच.

आता चहा होईल. चहानंतर कुणी लगेच घरी जाऊ नका. मी एक वही आणली आहे. प्रत्येकीनं येऊन फक्त एवढंच सांगायचं, आपण कुठलं काम करतो आणि गोणीमागं किंवा रोजाचे किती मिळतात. नाव लिहायचं नाही. माझ्या पुतणीनं पहिल्या पानावर रकाने आखून ठेवलेत. लिहिता येत नसेल तर ती लिहून घेईल.